दर वेळी स्टाउट तपकिरीच का निघते?

स्टाउट म्हणजे भाजलेल्या दाण्यांची गडद बिअर. रेसिपीत ती काळीकुट्ट असते. प्रत्यक्षात ग्लासात उतरते ती तपकिरी, खिडकीकडे धरली तर पलीकडचं झाड दिसेल अशी. पुढच्या खेपेला माणूस अंदाजाने काळं माल्ट (मोड आणून वाळवलेली आणि मग भाजलेली बार्ली) दोन मुठी वाढवतो. रंग येतो, पण सोबत राखेसारखी जळकट चव येते. त्याच्या पुढच्या खेपेला तो हात आखडता घेतो, आणि पुन्हा तपकिरी. ब्रिटन-अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या आपल्या मंडळींचं हे रडगाणं इतक्यांदा ऐकलं आहे की एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतो.

माझं मत आधीच सांगतो. दोष बहुतेक वेळा दाण्यात नसतो, दाण्याच्या पिशवीवरचा आकडा आणि रेसिपीतला आकडा यांचं माप जुळत नाही तिथे असतो. भरड, पाणी, तापमान हे सगळं त्याच्या नंतर.

(कायद्याचं एका दमात: ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. अमेरिकेत केंद्राच्या पातळीवर १९७८ च्या कायद्याने मुभा मिळाली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे फक्त वाचावं.)

खरंच फिकी आहे का?

पुष्कळ जण घाबरतात ते हायड्रोमीटरच्या, म्हणजे बिअरची घनता मोजायच्या उपकरणाच्या, नळीकडे बघून. ती नळी जेमतेम तीनेक सेंटिमीटर रुंद. पाइंटचा ग्लास तोंडाशी त्याच्या अडीच-तीन पट रुंद असतो. द्रवातून जाणारा उजेड दर सेंटिमीटरला ठरावीक पटीने घटत जातो, त्यामुळे नळीत मधाळ तपकिरी दिसणारी बिअर ग्लासात जवळजवळ काळी दिसते. रंगाचा निकाल नळीवरून लावू नका.

दुसरं, गढूळपणा. यीस्ट अजून तरंगत असेल तर ते उजेड परत फेकतं आणि बिअर दुधाच्या चहासारखी मातकट दिसते. तीच बिअर दोन-तीन आठवडे थंडीत ठेवून निवळू द्या, ती डोळ्यांदेखत गडद होते. म्हणूनच रंग मोजायच्या अधिकृत पद्धतीत नमुना आधी गाळून, गढूळपणा काढून घेतात. एसआरएम हे माप म्हणजे ४३० नॅनोमीटरचा निळसर प्रकाश अर्धा इंच बिअरमधून सोडला तर किती शोषला जातो, त्याच्या दहा पट. युरोपातलं ईबीसी माप त्याच तरंगलांबीवर घेतात, फक्त गुणक वेगळा. तयार बिअरसाठी एसआरएमला १.९७ ने गुणलं की ईबीसी मिळतं.

आणि तिसरं: टॉर्चच्या उजेडात कडेला लालसर झाक दिसली म्हणून हळहळू नका. चांगली स्टाउट तशीच असते. गिनेसवालेसुद्धा आपली बिअर काळी नसून गडद माणकासारखी लाल आहे असंच सांगतात. ३५ एसआरएमच्या पुढे पाइंटच्या ग्लासात डोळ्याला फरक कळत नाही. २५ ला मात्र कळतो. तक्रार असते ती याच २०-२८ च्या पट्ट्यातली.

निवळलेली बिअर, पाइंटचा ग्लास, मागे पांढरा कागद. तरीही कागदाचा उजेड सरळ आरपार येत असेल, तर खरंच फिकी आहे. पुढे वाचा.

एक घोट घ्या

चवीवरून अर्धं निदान होतं. रंग कमी आणि भाजल्याची चवही कमी, तर काळे दाणे कमी पडले: चुकीचा आकडा, जास्त पाणी किंवा न फुटलेले दाणे. रंग कमी पण चव जळकट आणि आंबटसर, तर पाण्याचा आणि पीएचचा (आंबटपणाच्या मापाचा, आकडा जितका कमी तितकं आंबट) मामला. चव अगदी हवी तशी आणि फक्त रंग कमी, तर रेसिपीला हात लावायची गरज नाही, त्याची सोय शेवटी सांगितली आहे.

आकडा कुठल्या मापातला?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

अमेरिकन रेसिपीत माल्टचा रंग लोव्हिबाँडमध्ये असतो. जोसेफ विल्यम्स लोव्हिबाँड हा इंग्लिश ब्रूअर. त्याने १८८० च्या दशकात सॅलिसबरीत रंगीत काचांच्या पट्ट्यांशी बिअरचा रंग ताडून पाहायचं यंत्र बनवलं. गंमत अशी की इंग्रजाच्या नावाचं हे माप आज अमेरिकन दुकानांत ठाण मांडून आहे आणि इंग्लंडमधल्या माल्टच्या पिशव्यांवर ईबीसी छापलेलं असतं. माल्टसाठी या दोन मापांचा संबंध बिअरइतका सरळ नाही. रूढ सूत्र असं: लोव्हिबाँडला २.६५ ने गुणा आणि १.२ वजा करा. काही ठिकाणी माल्टलाही बिअरचंच १.९७ लावतात, त्यामुळे ५०० लोव्हिबाँड एका तक्त्यात १,३२० ईबीसीच्या आसपास दिसतं, तर दुसऱ्यात ९८५. काळ्या दाण्यांच्या बाबतीत ही तफावत छोटी नाही. सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते कुठलं सूत्र धरतं ते एकदा तपासा, आणि माल्ट करणाऱ्याने दोन्ही मापं दिली असतील तर त्याचंच मानायचं.

आता हे प्रत्यक्षात कसं फसवतं बघा. अमेरिकन रेसिपीत ‘क्रिस्टल ६०’ (क्रिस्टल म्हणजे कॅरॅमल माल्ट) लिहिलेलं असतं. लंडन किंवा लीड्समधला माणूस दुकानात जाऊन ६० आकड्याचं क्रिस्टल आणतो. ते ६० ईबीसी, म्हणजे जेमतेम २३ लोव्हिबाँड. त्याला हवं होतं ते तिथे ‘क्रिस्टल १५०’ नावाने ठेवलेलं असतं. त्याहून मोठा दणका चॉकलेट माल्टचा. रेसिपीत ३५० लोव्हिबाँड, म्हणजे सव्वानऊशे ईबीसीच्या आसपास. दुकानात ३५० च्या जवळचा आकडा शोधला तर हाती लागतं स्पेशल बी किंवा काराअरोमासारखं गडद कॅरॅमल माल्ट. ते मनुक्यासारखं गोडूस, लालसर आणि एक तृतीयांश रंगाचं असतं. ‘पेल चॉकलेट’ उचललं तरी रंग जवळपास अर्ध्यावर येतो. नावात चॉकलेट आहे एवढ्यावर जाऊ नका.

उलटा प्रवासही तितकाच फसवा. न्यू जर्सीत राहणारा माणूस ब्रिटिश रेसिपी घेतो. तिच्यात भाजलेली बार्ली असते. ब्रिटिश भाजलेली बार्ली साधारण १,२०० ते १,५०० ईबीसीची, म्हणजे ४५० ते ५६० लोव्हिबाँडची. तो ‘रोस्टेड बार्ली’ म्हणून ब्रीस या अमेरिकन माल्ट कंपनीची पिशवी आणतो, आणि ती असते ३०० लोव्हिबाँडची. ब्रीसकडे ५०० लोव्हिबाँडचा दाणाही आहे, पण तो ‘ब्लॅक बार्ली’ या नावाने विकला जातो. नाव तेच, वजन तेच, रंग जवळपास निम्मा.

रेसिपी लिहून घेताना नावापुढे नेहमी आकडा आणि माप दोन्ही लिहा. ‘भाजलेली बार्ली, १,३०० ईबीसी’. नुसतं ‘भाजलेली बार्ली’ लिहिलेली रेसिपी अर्धवट समजा.

एवढ्याशा दाण्यांवर एवढं का अवलंबून?

कारण स्टाउट मुळात फिकट माल्टचीच बिअर असते. स्टाउटची पूर्वज म्हणजे अठराव्या शतकातली लंडनची पोर्टर ही बिअर. ती लाकडाच्या धगीवर वाळवलेल्या तपकिरी माल्टची असे. पुढे ब्रूअरांच्या हातात साखर मोजायचा सॅकॅरोमीटर आला आणि लक्षात आलं की तपकिरी माल्टमधून साखर कमी निघते, फिकट माल्ट महाग असलं तरी परवडतं. पण फिकट माल्टने पोर्टरचा रंग जात होता. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळं होईस्तोवर भाजायचं पेटंट घेतलं आणि तिढा सुटला: बहुतेक दाणे फिकट, रंगापुरते थोडे काळे. आजही आपण तेच करतो.

साध्या ड्राय स्टाउटचं गणित मांडून बघू. ३.२ किलो पेल माल्ट, ९०० ग्रॅम बार्लीचे पोहे, ४५० ग्रॅम भाजलेली बार्ली ५०० लोव्हिबाँडची, आणि पाच अमेरिकन गॅलन म्हणजे १८.९ लिटर बिअर. प्रत्येक दाण्यासाठी किलो गुणिले लोव्हिबाँड गुणिले ८.३५, भागिले लिटर. हे झाले त्याचे रंगाचे एकक. सगळ्यांची बेरीज इथे १०४ च्या आसपास येते आणि त्यातले ९९ एकट्या भाजलेल्या बार्लीचे असतात. वजनात दहा टक्के, रंगात पंच्याण्णव टक्के. पेल माल्ट पाव किलो इकडे-तिकडे झालं तर रंगाला काही होत नाही. काळ्या दाण्याचा आकडा चुकला की सगळंच गेलं.

बेरजेवरून एसआरएम काढायला घरगुती ब्रूअर मोरेचं सूत्र वापरतात: बेरजेचा ०.६८५९ वा घात, गुणिले १.४९. इथे उत्तर येतं ३६. काळी.

आता हीच रेसिपी इंग्लंडमधल्या बादलीत घाला. तिथला नेहमीचा घाणा २३ लिटरचा, कारण ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा आणि अमेरिकन ३.७९ लिटरचा. ‘पाच गॅलन’ वाचून माणूस बादली २३ च्या खुणेपर्यंत भरतो. बेरीज ८५ वर येते, एसआरएम साडेएकतीस. अजून फार बिघडलेलं नाही. पण त्याच वेळी दाणाही ३०० लोव्हिबाँडचा असेल तर बेरीज ५३ आणि एसआरएम २३ च्या आत. हीच ती तपकिरी बिअर! दोन चुका एकट्या-एकट्या पचल्या असत्या, एकत्र आल्यावर नाही पचत. माल्टचा तयार अर्क वापरून थोड्या पाण्यात उकळणारे आणि शेवटी बादलीत गार पाणी ओतून भर घालणारे या सापळ्यात जास्त अडकतात, कारण शेवटचे दोन-तीन लिटर ‘थोडंसंच तर आहे’ म्हणून मोजले जात नाहीत.

त्या घातामुळे आणखी एक गोष्ट होते. ५२५ लोव्हिबाँडचे १०० ग्रॅम काळे दाणे २३ लिटर फिकट रंगाच्या बिअरमध्ये घातले तर रंग साडेचारवरून तेरावर उडी मारतो. तेच १०० ग्रॅम आधीच साडेएकतीस असलेल्या स्टाउटमध्ये घातले तर जेमतेम ३६. गडद होत जावं तसा प्रत्येक मुठीचा परिणाम कमी होत जातो, जळकट चवीचा मात्र होत नाही. मुठीमुठीने वाढवणाऱ्यांची फसगत इथे होते.

क्रिस्टलने काळं होत नाही

‘गडद क्रिस्टल दुप्पट केलं तरी काळी होईना’ असं कोणी म्हणालं की समजावं, चुकीच्या कुटुंबातला दाणा धरला आहे. क्रिस्टलमध्ये ओल्या दाण्यातल्या साखरेचं कॅरॅमल होतं. त्यातून तांबूस, फार तर गडद लाल रंग येतो आणि गोडवा राहतो. काळेपणा कोरडे दाणे दोनशे अंशांच्या पुढे भाजल्यावरच येतो: चॉकलेट, ब्लॅक माल्ट, भाजलेली बार्ली. ‘ब्राउन माल्ट’ नावाने गडद वाटलं तरी दीडशे ईबीसीच्या आसपासचं असतं. गूळ किंवा काकवी घालून बघण्याचा मोहही आपल्याच लोकांना होतो. चव छान येते, रंग तांबूसच राहतो.

भरड

आकडे जुळले, लिटर जुळले आणि तरी रंग नाही? मॅश, म्हणजे भरडलेले दाणे गरम पाण्यात भिजवणं, संपल्यावर चोथ्यातून काळे दाणे वेचून बघा. अख्खे दिसले तर उत्तर मिळालं. भाजलेला दाणा ठिसूळ असतो, पण बऱ्याचदा बारीकही असतो. गिरणीचे रूळ पेल माल्टसाठी १.१-१.२ मिलिमीटरवर ठेवले असतील तर त्यातले बरेच दाणे न फुटता सरकून जातात. अख्ख्या दाण्यातून रंग येतो, पण हळू आणि अर्धवट.

उपाय सोपा आहे. काळे दाणे वेगळे काढा, रूळ ०.८-०.९ वर आणा आणि ते त्यातून पुन्हा एकदा भरडा. ते एकूण दाण्यांच्या दहाएक टक्केच असल्याने बारीक भरडले तरी गाळणी तुंबत नाही, कारण पेल माल्टची टरफलं शाबूत असतात. मिक्सरमध्ये पीठ करू नका. रंग भरपूर येईल हे खरं, पण ते पीठ पिशवीतून सुटून उकळीत जातं आणि तुरट-जळकट चव सोडत राहतं. दुकानातून भरडून आणलेलं माल्ट वापरणाऱ्यांनी पिशवीत हात घालून आधीच बघावं. दुकानदार सगळे दाणे एकाच फटीतून काढतो.

पिशवीत भिजवणारे

माल्टच्या अर्कावर बिअर करणारे काळे दाणे फडक्याच्या पिशवीत घालून भिजवतात. इथली नेहमीची अडचण म्हणजे पिशवी गच्च बांधलेली असते. दाणे फुगतात, मधला गोळा कोरडाच राहतो. पिशवी निम्मी रिकामी हवी, पाणी दाण्यांच्या पाच-सहा पट, ६५ ते ७० अंश, अर्धा तास, आणि मधूनमधून पिशवी वरखाली करायची. शेवटी त्याच तापमानाचं तांब्याभर पाणी वरून ओतून उरलेला रंग धुऊन घ्यायचा. पिशवी पिळली की तुरटपणा येतो अशी एक भीती सगळीकडे सांगितली जाते. मला ती अवाजवी वाटते. तुरटपणा येतो तो उकळत्या पाण्यात आणि चढ्या पीएचला.

थंड पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी उकळीच्या शेवटी घालायची पद्धतही आहे. चव फार मऊ येते, पण तेवढ्याच दाण्यांतून रंग कमी निघतो. रेसिपी गरम भिजवणीची आणि तुम्ही भिजवलं थंड, तर दाणे वाढवावे लागतील.

पाणी

भाजलेले दाणे आंबट असतात आणि मॅशचा पीएच खाली ओढतात. लंडनचं पाणी खडूच्या खडकातलं, बायकार्बोनेटने भरलेलं. किटलीत थर साचतो तो त्याचाच. तो बायकार्बोनेट दाण्यांचा आंबटपणा शोषून घेतो आणि पीएच ५.३-५.५ च्या आसपास स्थिरावतो. डब्लिनच्या जुन्या ब्रूअरींच्या पाण्याचीही तीच जात असे. पोर्टर आणि स्टाउट या दोन शहरांत नांदल्या त्याला हे पाणीही कारण आहे. मँचेस्टरमध्ये लेक डिस्ट्रिक्टहून येणारं पाणी मात्र मऊ. त्यात दहा टक्के भाजलेली बार्ली घातली की पीएच पाचाच्या जवळ घसरू शकतो. खालच्या पीएचला रंग किंचित कमी सुटतो, पण खरा त्रास चवीचा: आंबट, टोचरी, जळकट. अशी बिअर चाखून माणूस काळे दाणे कमी करतो, आणि रंग त्यापायी जातो.

मऊ पाणी असेल तर दोन वाटा आहेत. एक, मॅशमध्ये खाण्याचा सोडा: दहा लिटरला एक ग्रॅमने क्षारता सुमारे ६० पीपीएमने वाढते. पीएच मोजूनच घाला, डोळे मिटून नको. दुसरी आणि मला जास्त आवडणारी: काळे दाणे मॅशच्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत वर पसरायचे. त्यांच्यातलं स्टार्चचं काम भाजतानाच संपलेलं असतं, तासभर शिजायची त्यांना गरज नाही. रंग येतो आणि पेल माल्टचा पीएच बिघडत नाही.

आंबवणीत रंग थोडा उतरतो हेही धरून चाला. पीएच घसरतो आणि थोडा रंग यीस्टला चिकटून तळाशी जातो. उकळीनंतरच्या रंगावर खूश होऊन थांबू नका.

चव बरोबर, रंगच कमी

पुढच्या घाण्यासाठी: साल काढून भाजलेलं माल्ट घ्या. जर्मनीतल्या बांबेर्गच्या वायरमान या माल्ट कंपनीचं काराफा स्पेशल प्रसिद्ध आहे, ते १, २ आणि ३ अशा तीन पायऱ्यांत मिळतं. तिसरी पायरी १,३०० ते १,५०० ईबीसीची. जळकट तुरटपणा बराचसा सालीतून येतो, ती इथे नसते. वरच्या २३ लिटरच्या उदाहरणात साडेएकतीसवरून ३६ वर जायला याचे १०० ग्रॅम पुरतात आणि चवीला ते जाणवतही नाहीत. ‘स्पेशल’ हा शब्द पिशवीवर आहे ना ते बघा, नुसत्या काराफाला साल असते.

तयार बिअरसाठी: त्याच वायरमानचा सिनामार, म्हणजे काळ्या माल्टचाच आटवलेला द्रव. त्याचा रंग ८,००० ईबीसीच्या वर असतो, चव जवळपास नाही. २३ लिटरला दहा ईबीसी, म्हणजे पाच एसआरएम, वाढवायचे तर सुमारे तीस ग्रॅम. बाटल्या भरायच्या वेळी साखरेच्या पाण्यात मिसळून घालता येतो. आधी एका पाइंटमध्ये करून बघा: पाइंट ५६८ मिलिलिटरचा, त्याला पाऊण ग्रॅम. घरच्या काट्यावर एवढं तुलत नसेल तर ड्रॉपर वापरा, थेंबाथेंबाने घालत जा आणि मागचा पांढरा कागद दिसेनासा झाला की थेंब मोजून सगळ्या बादलीचा हिशोब करा.